आमच्या घरातली छोटी प्रार्थना

३ जून

प्रिय आत्या,

सलाम. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. मी तुमच्या धाकट्या भावाची मुलगी, सोळा वर्षांची. घरात मला भिंगरी म्हणतात, कारण मी एका जागी टिकत नाही. मला एक आत्या आहे हे मला गेल्या आठवड्यात कळलं. पत्ता आईने दिला. आजोबांचं शिवणाचं दुकान अजून तिथेच आहे आणि तुम्हीच ते चालवता, म्हणाली. पप्पांना यातलं काही माहीत नाही.

माझं काम असं आहे. येत्या सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्हा नऊ जणांचं दृढीकरण आहे. मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, की तान्हेपणी बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी आमच्या वतीने जे वचन दिलं ते आता आमचं आम्ही घेतो. त्यासाठी पाळकसाहेब दर शनिवारी वर्ग घेतात. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "प्रभूची प्रार्थना घरी जशी म्हणता तशी म्हणून दाखवा." मी पहिली उठले. घडाघडा म्हटली. तर म्हणाले, "छान. पण एक ओळ गाळलीस. आम्ही दुसऱ्यांना माफ केलं तसं तू आम्हाला माफ कर, ती." मी म्हटलं, "नाही सर, ती देवळातल्या प्रार्थनेत असते. घरातल्या प्रार्थनेत नसते."

आत्या, सगळा वर्ग खो-खो हसला. पाळकसाहेबांनी रुमाल तोंडावर धरला. पण मी थट्टा करत नव्हते हो! मला लहानपणापासून वाटायचं, की देवळातली प्रार्थना मोठी आणि घरातली छोटी. बाहेर जायचे कपडे वेगळे आणि घरातले वेगळे असतात ना, तसं. पप्पा रोज संध्याकाळी ताटांमागे उभे राहून प्रार्थना म्हणतात आणि ती ओळ त्यात नसते. कधीच नसते.

घरी येऊन विचारलं. पप्पा पुढच्या आमच्या चष्म्यांच्या दुकानात एका काडीला स्क्रू बसवत होते. तो हातातून निसटला, आणि आम्ही दोघं अर्धा तास जमिनीवर रांगत तो शोधत बसलो. स्क्रू सापडला, उत्तर नाही. म्हणाले, "उगाच फाटे फोडू नकोस." आई आत भांडी घासत होती. ती हळूच म्हणाली, "हे तुझ्या आत्याला विचार."

म्हणून विचारते. मला त्या दिवशी उभं राहायचं आहे. पण जे घरातच अर्धं आहे ते मी चारचौघांत पूर्ण म्हणून कसं घेऊ?

तुमची भाची,
भिंगरी

*

११ जून

लाडके भिंगरे,

पत्र हातात घेतलं आणि मशीनवरचा पाय थांबला. अक्षर हुबेहूब माझ्या भावाचं, ओळ सुरू होते सरळ आणि शेवटाला डोंगर चढते. आणि हे तुम्ही-बिम्ही काय लावलंयस गं? मी काय शाळा तपासायला येणार आहे? आत्याला अगं म्हणतात.

आता ऐक. आमच्या घरातली प्रार्थना छोटी नव्हती, चांगली लांबलचक होती. इतकी, की मी लग्नाच्या वयाची होईपर्यंत गरम जेवण म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं!

तुझे आजोबा, म्हणजे आमचे बाबा, संध्याकाळी दुकान आवरायचे. कात्री खिळ्याला, टेप गळ्यातून काढून खुंटीला, खडू डबीत. मग मागच्या खोलीत यायचे. आई वाढून ठेवायची आणि आम्ही चौघं आपापल्या ताटामागे उभे. बाबा प्रार्थना सुरू करायचे आणि त्या ओळीपाशी आले की थांबायचे. डोळे मिटलेले. दिवसभरात कोणाशी काही वाजलंय का, ते मनात चाचपायचे. नसेल तर पुढे. असेल तर डोळे उघडून म्हणायचे, "थांबा." की चपला घालून चालले बाहेर. ज्याच्याशी वाजलं त्याच्याशी मिटवून यायचे आणि मग उरलेली प्रार्थना. आमच्या पोटात कावळे ओरडायचे, पण आमेन झाल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही. हा नियम आम्हालाही होता. मी आणि तुझा बाप भांडलो असलो की त्या ओळीवर चार डोळे आमच्याकडे वळायचे. मग मी याचा कान सोडायचा आणि याने माझी वेणी.

एकदा कापडवाल्याने आखूड कापड दिलं, त्यात कोटाची बाही बसेना. बाबा त्याला भर दुकानात "डोळे फुटले काय" म्हणाले. संध्याकाळी "थांबा" झालं. कापडवाला गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहायचा. आम्ही उभे. तुझा बाप सात वर्षांचा, तो भिंतीला टेकून उभ्याउभ्या झोपला. बाबा आले ते दीड तासाने, ढेकर देत! माफी मागायला गेले, तर कापडवाल्याच्या बायकोने पाटावरून उठू दिलं नाही, पोटभर जेवू घातलं. आई काय कडाडली म्हणतेस! मग काय, बाबांना पुन्हा त्या ओळीवर थांबावं लागलं, यावेळी आईसाठी.

आम्हाला धर्म शिकवायला कोणी बसलं नाही गं. आम्ही नुसते उभे राहिलो आणि जेवण गार होताना पाहिलं.

ती ओळ तुझा बाप का गाळतो, ते मी काय सांगू? तो पहिल्यापासून नाकावर राग घेऊन फिरणारा. आई गेली त्यावेळी काहीतरी मनात धरलं आणि गेला निघून. काही माणसांना राग जपायला आवडतो. तू त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. तू पूर्ण प्रार्थना म्हण आणि ताठ उभी राहा. मी तीस वर्षं रविवारची शाळा घेतेय, मुलांना पहिली हीच प्रार्थना शिकवते. मी रोज म्हणते, एक अक्षर न गाळता.

तुझी आत्या

*

२३ जून

प्रिय आत्या,

घे, अगं म्हटलं!

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घड्यांवर फाटायला आलंय. मग माझ्याच्याने राहवलं नाही. जेवताना म्हटलं, "पप्पा, कापडवाल्याकडचं जेवण चांगलं होतं का हो?" पप्पा आधी हसले. असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "मी भिंतीला टेकून झोपलो होतो आणि ताईने मला पडू नये म्हणून सदऱ्याला धरून ठेवलं होतं." हे तू लिहिलं नव्हतंस. मग विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

खोटं कसं बोलू? सांगितलं.

ओरडले नाहीत. जेवून उठले, दुकानाचं शटर उघडून आत जाऊन बसले. मी मागून गेले. समोर चष्म्यांचा ट्रे घेऊन, पुसलेल्याच काचा पुन्हा पुसत होते. म्हणाले, "ताईला सांग, गोष्ट सांगायची तर पूर्ण सांगावी." मग त्यांनीच सांगितली. आजीचं शेवटचं दुखणं त्यांना कळवलंच नाही. ते इथे चष्म्याच्या काचा घासायचं काम शिकत होते. निरोप मिळाला तो आजी गेल्यावर. पोचले तेव्हा माती झाली होती. तू म्हणालीस, "आईच म्हणाली, पोराला कळवू नका, त्याचं शिकणं बुडेल." त्यांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. त्या संध्याकाळी आजोबा त्या ओळीवर थांबले, तुम्हा दोघांकडे पाहिलं, आणि तुम्ही दोघं जागचे हलला नाहीत. मग पप्पांनी पिशवी उचलली. आजोबा गेले तेव्हा पप्पा आले होते, पण मागे उभे राहून परत फिरले, म्हणाले.

मी विचारलं, "म्हणून ओळ गाळता?" तर म्हणाले, "जे मला जमत नाही ते जमलं म्हणून देवाला कसं सांगू? बाबांनी शिकवलंय. माणसाशी खोटं बोलू नये, देवाशी तर नाहीच. रोज तिथे येतो, बघतो, अजून होत नाही. मग पुढे जातो."

आत्या, मला एक कळत नाही. आजीनेच नको म्हटलं होतं, तर त्यात तुझी काहीच चूक नाही. मग तू एवढंच एकदा येऊन त्यांना समजावून का नाही सांगितलंस? तू आमच्याकडे ये ना. दोन वाक्यांचं तर काम आहे.

तुझी,
भिंगरी

*

५ ऑगस्ट

प्रिय आत्या,

सहा आठवडे झाले, तुझं पत्र नाही. माझं काही चुकलं का? आगाऊपणा केला असेन तर माफ कर.

पाळकसाहेबांनी नावांची यादी लावली. मी त्यांना सांगितलं, माझं नाव तूर्त पेन्सिलीने लिहा. कारण विचारलं, तर म्हटलं, माझ्या घरातली दोन माणसं एकाच बापाच्या ताटामागे उभं राहून शिकली. त्यांतलं एक ती ओळ म्हणत नाही, दुसरं म्हणतं आणि पत्राला उत्तर देत नाही. मग मी कोणावर विसंबून उभी राहू? पाळकसाहेब म्हणाले, "माणसांवर विसंबू नकोस, पोरी." ते ठीक आहे. पण मला तर देव माणसांकडूनच कळला ना?

पप्पांना वाटतं, मी मैत्रिणींचं ऐकून बंडखोरी करतेय. आई म्हणते, धीर धर. ऑगस्ट संपेपर्यंत धरते. नंतर पेन्सिलीचं नाव खोडून टाकायला सांगणार आहे.

भिंगरी

*

१४ ऑगस्ट

माझे बाय,

तुझं काही चुकलं नाही. चुकलं माझं, आणि ते अठरा वर्षांपूर्वी. तू लिहिलंस, दोन वाक्यांचं काम आहे. ती दोन वाक्यं लिहायला मी सहा आठवडे बसले. गणवेशांचा हंगाम होता म्हणून वेळ झाला नाही असं लिहून एक कागद फाडलासुद्धा.

हे पत्र वाचून झालं की पप्पांना दे. हे त्याच्या तोंडावर बोलायची हिंमत माझ्यात नाही.

आई दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती, दुकानामागच्या खोलीत. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं मी केलं. कोणी जबरदस्ती केली नाही, मी प्रेमानेच केलं. पण दारात पोस्टमन दिसला की ती विचारायची, "धाकट्याचं पत्र आलं?" तो सहा महिन्यांनी दोन दिवस यायचा आणि आईचा चेहरा असा उजळायचा, की मी उठून मशीनवर जाऊन बसायचे. मी रोजची. रोजच्या माणसाला पाहून कोण उजळतं?

शेवटच्या आठवड्यात आई म्हणाली, "त्याला बोलव." मी म्हटलं, "पत्र टाकलं." पत्र लिहिलं होतं, खोटं नाही. पण टाकलं नव्हतं. मशीनच्या ड्रॉवरमध्ये दोऱ्याच्या बॉबिनींखाली ठेवलं होतं. मनात म्हटलं, अजून वेळ आहे, उद्या टाकू. आणि त्याच्याही खाली दुसरं एक मन होतं, ते म्हणालं, शेवट तरी माझ्या एकटीचा असू दे. चार दिवस ती दाराकडे बघत होती. पाचव्या दिवशी गेली.

आईने कळवू नका म्हटलं नव्हतं. ते मी रचलं. आणि मेलेल्या आईच्या तोंडी घातलं.

त्या संध्याकाळी बाबा ओळीवर थांबले. माझ्या पायांत कोणी खिळे ठोकले होते की काय कोण जाणे. तुझा बाप पिशवी घेऊन गेला आणि मी उभीच. पुढे महिन्याभराने बाबांनी मशीनला तेल घालायला तो ड्रॉवर उघडला. पाकीट त्यांना दिसलं असणारच. ड्रॉवर तसाच बंद केला. पण त्या दिवसापासून ते रोज त्या ओळीवर फार वेळ थांबायचे. वारले तोवर वाट बघत होते माझी, भिंगरे. मी काय करायचे माहीत आहे? त्यांनी थांबवलेली ओळ मीच मोठ्याने पूर्ण करायचे.

तेव्हापासून रोज म्हणते, खणखणीत. तीस वर्षं पोरांना शिकवते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो माझा. आणि तुझा बाप, ज्याला मी रागीट म्हटलं, तो रोज तिथवर येतो, स्वतःकडे बघतो, आणि जे खरं नाही ते म्हणत नाही. तुला वाटतं ना, घरातली प्रार्थना अर्धी आहे? अगं, बाबांची प्रार्थना तुझ्याच घरात राहिली. माझ्या घरात नुसते शब्द राहिले.

सोबत ते पाकीट आहे. मशीनच्या तेलाचे डाग पडलेत. अठरा वर्षं उशिरा टाकतेय. त्याने माफ करावं असं मी म्हणत नाही, तो हक्क माझा नाही. फक्त आईने त्याला बोलावलं होतं, हे त्याला कळू दे.

आत्या

*

२८ ऑगस्ट

प्रिय आत्या,

पत्र मी दिलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी थांबले नाही, कारण थांबले असते तर माझाच धीर सुटला असता. पप्पांनी तुझं पत्र वाचलं आणि मग ते तेलकट पाकीट उघडलं. आत चारच ओळी होत्या. ते मोठ्याने म्हणाले, "आईने बोलावलं होतं." एवढंच. मग गिऱ्हाइकाला दुसऱ्याच माणसाचा चष्मा देऊन बसले. तो बिचारा घालून दाराला धडकला.

आणि मग चिडले, आत्या. तुझ्यापासून लपवत नाही. मी त्यांना एवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "आता कशाला सांगते? आता आई मिळणार आहे का?" दोन दिवस प्रार्थनाच केली नाही. आईने केली. मला वाटलं, मी हे काय करून बसले! ती ओळ गेली ती गेली, आता सगळीच प्रार्थना घालवली.

काल संध्याकाळी पप्पा आपण होऊन ताटामागे उभे राहिले. सुरुवात केली. त्या जागेपाशी आले. माझ्या कानांना सवय आहे, तिथून ते कसे पुढे उडी मारतात त्याची. काल उडी मारली नाही. थांबले. मी डोळे उघडले, तर त्यांचे मिटलेले होते.

मग म्हणाले, "थांबा."

आत्या, तुझ्या पत्रातलं ते माझ्या घरात घडत होतं. त्यांनी चपला घातल्या, दुकानातली हत्यारांची छोटी पिशवी खांद्याला लावली. आई म्हणाली, "अहो, निदान चार घास खाऊन जा." पप्पा म्हणाले, "गार होऊ दे." आणि सात वाजताच्या गाडीने गेले. मिटवायला गेले की भांडायला, ते मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नसावं.

हे पत्र मिळेल तोवर ते तिथे पोचलेले असतील. आज सकाळी मी पाळकसाहेबांकडे गेले आणि सांगितलं, माझं नाव शाईने लिहा. त्यांनी विचारलं, "उत्तर मिळालं?" मी म्हटलं, "नाही, पण पप्पांना चपला घालताना पाहिलं."

काल आईने शेवटी जेवायला बसवलं, कारण प्रवास लांबचा आहे. पण आम्ही आमेन म्हटलेलं नाही. त्यांना तसं सांग.

तुझी,
भिंगरी

*

९ सप्टेंबर

लाडके भिंगरे,

आला तो भांडायलाच आला. आणि मी ऐकून घेतलं. दिवसभर दुकान बंद होतं आणि आत तो बोलत होता. त्याने जे म्हटलं ते सगळं खरं होतं. दुसऱ्या दिवशी आईच्या खोलीत बसून राहिला. तिसऱ्या दिवशी मी सुईत दोरा ओवत होते, चारदा चुकला. त्याने माझ्या नाकावरून चष्मा ओढला आणि म्हणाला, "हा कोणत्या आंधळ्याने केलाय?" मग पिशवीतली हत्यारं काढली, काड्या सरळ केल्या, ढिले स्क्रू पिळले, पुसून परत माझ्या नाकावर ठेवला. त्याचे हात बाबांसारखे झालेत गं. मला रडू आवरेना, तर म्हणतो, "काच ओली करू नकोस, आत्ताच पुसलीय."

प्रार्थनेला रोज उभे राहायचो. तो सुरू करायचा, ओळीपाशी थांबायचा, डोळे उघडायचा आणि म्हणायचा, "आज नाही." मग आम्ही तसेच जेवायचो. यावेळी मी ती ओळ त्याच्यासाठी पूर्ण केली नाही. एवढं तरी शिकले.

काल बारावा दिवस. थांबला. खूप वेळ थांबला. मी डोळे मिटून मनात म्हटलं, बाबा, मी इथेच आहे, यावेळी कुठे जात नाही. आणि मग तो म्हणाला ती ओळ. अडखळत म्हणाला, अठरा वर्षांत जिभेची सवय गेली होती. शेवटचे शब्द त्याला आठवेनात. लहानपणी झोपेत पडायचा तेव्हा धरायचे तसा मी त्याचा सदरा धरला, आणि आम्ही ते दोघांनी मिळून म्हटले.

पुढचं म्हणायला लागले तर त्याने मला थांबवलं. म्हणाला, "आमेन घरी ठेवलंय."

तेव्हा आम्ही दोघं तुझ्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी पोचतोय. तुझ्यासाठी पांढरा झगा शिवलाय, मापं तुझ्या बापाने हाताने हवेत दाखवली, तेव्हा देव जाणे कसा बसतो ते. टेप बरोबर घेतेय. तुझ्या आईला सांग, एक ताट जास्त मांड, आणि स्वयंपाकाची घाई करू नकोस. तसंही जेवण गारच होणार आहे.

तुझी आत्या